ओकपानांची बरणी: फ्लॉरेन्समधील एका औषधभांड्याचे समीक्षात्मक वाचन

बीजशब्द: मायोलिका, कथिलाची झिलई, सांता मारिया नुओव्हा, औषधालय, अलंकरण, उपयोजित कला

१. प्रास्ताविक

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील फ्लॉरेन्स नगर व त्याच्या परिसरात औषधे साठविण्यासाठी मातीची एक विशिष्ट प्रकारची भांडी घडविली जात होती. पांढऱ्या झिलईचे अंग, त्यावर गडद निळ्या रंगाची, हाताला उंचवटा जाणवेल इतकी जाड पाने आणि पानांच्या मधोमध एखादा सिंह, ससा, कुत्रा किंवा पक्षी, असे या भांड्यांचे सर्वसाधारण रूप आहे. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि अशाच इतर संग्रहांत ती आज जपून ठेवलेली आहेत. काचेच्या कपाटात, एकेकटी, योग्य त्या प्रकाशात मांडलेली ही भांडी पाहताना ती कोणे एके काळी शेकड्यांनी फळीवर ओळीने उभी होती, याचा सहज विसर पडतो.

कलेतिहासात ही भांडी ‘ओकपानांची बरणी’ या नावाने रूढ झाली आहेत. हेन्री वॉलिस या इंग्रज चित्रकाराने १९०३ मध्ये या भांड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्याच्या शीर्षकातच ते नाव वापरले. वॉलिस हा ‘चॅटर्टनचा मृत्यू’ या १८५६ मधील चित्रामुळे प्रसिद्ध असलेला कलावंत. उत्तरायुष्यात तो मृत्पात्रींचा साक्षेपी अभ्यासक झाला. त्याने या भांड्यांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली, हे ऋण मान्य करूनच पुढील विवेचन केले आहे. मात्र नाव देणे हीदेखील एक समीक्षात्मक कृती असते. ‘ओकपान’ म्हटले की दृष्टी पानावर जाते आणि पानावरच थांबते. या भांड्यांपैकी अनेकांच्या कानाखाली एक लहानशी कुबडी रंगविलेली असते; ती मात्र वर्णनाच्या शेवटी, मालकीची खूण म्हणून, ओझरती नोंदविली जाते. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करून पाहण्याचा प्रयत्न आहे. कुबडीपासून आरंभ केला तर पानांचा अर्थ बदलतो काय, आणि बदलत असेल तर ‘शोभा’ व ‘उपयोग’ यांत आपण जी भिंत घालतो तिचे काय होते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२. भांड्याचे रूप आणि घडण

दोन कानांच्या नमुनेदार भांड्याचे पोट गोलसर, मान आखूड आणि तोंडाचा काठ किंचित बाहेर वळलेला असतो. वीतभर उंचीच्या लहान भांड्यांपासून दीड-दोन विती उंचीच्या मोठ्या भांड्यांपर्यंत अनेक आकार आढळतात. काठ बाहेर वळविण्याचे प्रयोजन उघड आहे. तोंडावर कापड, कागद किंवा चर्मपत्र घालून ते मानेभोवती दोरीने आवळता यावे, यासाठी ही योजना असे. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला त्यासाठी वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज नाही. कान रुंद व पट्टीसारखे असून भरलेले भांडे दोन्ही हातांनी उचलता येईल असे बसविलेले आहेत. रूपाची प्रत्येक रेषा कामाने ठरविलेली आहे.

पांढऱ्या रंगाची कथा मात्र केवळ कामाची नाही. साध्या मातीचा पिवळसर-तांबूस रंग झाकण्यासाठी शिशाच्या झिलईत कथिलाची राख मिसळली की ती झिलई अपारदर्शक व पांढरी होते. ही युक्ती नवव्या शतकात इराकमधील कुंभारांनी साधली; चीनमधून येणाऱ्या शुभ्र भांड्यांची बरोबरी करण्याची ईर्षा तिच्यामागे होती. पुढे ती इस्लामी जगतातून स्पेनपर्यंत गेली आणि भूमध्य समुद्रावरील व्यापाराबरोबर इटलीत रुजली. ‘मायोलिका’ हे नावच मुळात स्पेनकडून येणाऱ्या चमकदार भांड्यांना उद्देशून होते व त्याचा संबंध सामान्यतः मायोर्का बेटाशी जोडला जातो. म्हणजे ज्या पांढऱ्या पार्श्वभूमीला आपण इटालियन म्हणतो, तिच्यात चीनचे स्वप्न, इराकची युक्ती आणि स्पेनची वाट अशा तिन्ही गोष्टी मिसळलेल्या आहेत.

घडणीची प्रक्रिया चिप्रियानो पिक्कोलपासो याने १५५७ च्या सुमारास लिहिलेल्या कुंभारकलेवरील ग्रंथामुळे तपशिलाने ज्ञात आहे. तो ग्रंथ आपल्या भांड्यांनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेला असला तरी मूळ तत्त्व तेच आहे. चाकावर घडविलेले भांडे वाळवून एकदा भाजायचे. मग ते झिलईच्या पातळ द्रावात बुडवायचे. सच्छिद्र माती पाणी शोषून घेते आणि अंगावर पिठासारखा पांढरा थर राहतो. या कोरड्या थरावर रंगवायचे आणि पुन्हा भट्टीत घालायचे. या थराचा स्वभाव असा की कुंचला टेकला त्या क्षणी रंग शोषला जातो. ओढलेली रेष पुसता येत नाही. ज्याला चूक सुधारण्याची मुभा नाही अशा हाताचे हे चित्र आहे, ही गोष्ट त्याचे मूल्यमापन करताना सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

निळा रंग कोबाल्टचा. इटालियन परिभाषेत या रंगाला ‘झाफेरा’ म्हणतात. तो येथे पातळ न लावता दाट लगद्यासारखा थापलेला असतो. भट्टीत तो वितळतो, थोडा पसरतो आणि निवल्यावर फुगीर राहतो. म्हणून पानांच्या कडा काटेकोर नसतात. त्या पाझरलेल्या, गोलावलेल्या दिसतात. बाह्यरेषा मँगनीजच्या जांभळट-तपकिरी रंगाने आखलेल्या असतात आणि निळा रंग त्या ओलांडून जातो. रेषेची शिस्त आणि रंगाचा हट्ट यांतील हा ताण हेच या भांड्यांचे खरे दृश्यसौंदर्य होय. ते चित्रकाराच्या एकट्याच्या इच्छेने झालेले नाही. अर्धे काम अग्नीने केलेले आहे.

३. ‘ओकपान’ या नावाचा प्रश्न

ही पाने खरोखर ओकची आहेत काय? खाचा पडलेल्या, गोलसर कडांच्या पानाला ओकचे म्हणणे स्वाभाविक आहे. परंतु झाडाचे निरीक्षण करून काढलेले पान असे नसते. पानाचा देठ फांदीशी कसा जुळतो, शिरा कशा जातात, याची येथे कोणतीच फिकीर दिसत नाही. पान हे मोकळी जागा भरण्याचे एकक आहे. स्पेनमधील मुस्लिम परंपरेच्या भांड्यांवर व भूमध्य प्रदेशातून येणाऱ्या वस्त्रांवर जी दाट पर्णरचना आढळते, तिच्याशी या पानांचे नाते अधिक जवळचे आहे. खुद्द वॉलिसने आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात मूर प्रभावाचा निर्देश केला होता, हे येथे लक्षणीय आहे. तरीही नाव रूढ झाले ते युरोपीय वृक्षाचे. ग्रंथकर्त्याने जे उपशीर्षकात सांगितले ते मागे पडले आणि शीर्षकातले झाड तेवढे उरले.

पानांमधील प्राणी पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह कुलचिन्हांच्या परंपरेतून आलेला आहे. धावणारा ससा व लांब मानेचा पक्षी विणलेल्या वस्त्रांवरील आकृतींची आठवण करून देतात. पाने वेगाने, सरावाने व जवळजवळ यांत्रिकपणे काढलेली असतात. प्राणी मात्र भांड्याभांड्यावर वेगळे, कधी रुबाबदार तर कधी चक्क गमतीदार दिसतात. शेकडो भांडी रंगविणाऱ्या हाताला एवढ्याच जागेत मोकळीक होती आणि ती त्याने घेतलेली दिसते. कारागिराच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना आपण बहुधा मोठ्या बंडखोरीची उदाहरणे शोधतो. ठरलेल्या पानांच्या कुंपणात सशाचे कान थोडे अधिक लांब काढण्याचे हे स्वातंत्र्य लहान असेल, पण ते खरे आहे.

४. कानाखालची कुबडी

आता कानाखालच्या खुणेकडे वळू. कुबडी हे फ्लॉरेन्समधील सांता मारिया नुओव्हा या रुग्णालयाचे चिन्ह होय. फोल्को पोर्तिनारी या धनिकाने ते १२८८ मध्ये स्थापन केले. दान्तेच्या काव्यातून अमर झालेली बेआत्रिचे ही त्याचीच कन्या, असे परंपरेने मानले जाते. नगरातील हे प्रमुख रुग्णालय गोरगरीब आजाऱ्यांसाठी होते आणि ते आजही त्याच जागी चालू आहे. इतर संस्थांचीही अशी चिन्हे होती. शिडीचे चिन्ह ‘स्काला’ म्हणजे शिडी हे नाव धारण करणाऱ्या रुग्णालयाचे. म्हणजे भांडे पाहताच ते कोणत्या दारातले आहे, हे निरक्षर माणसालाही कळत असे.

रुग्णालयाच्या कागदपत्रांच्या आधारे असे दिसते की १४३०-३१ च्या सुमारास जुंता दी तूजो या कुंभाराकडे सुमारे एक हजार भांड्यांचे काम सोपविण्यात आले होते. फ्लॉरेन्सच्या मायोलिकाचा मूलगामी अभ्यास गालेआत्सो कोरा याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. अशा दस्तऐवजांना भांड्यांशी जोडून पाहण्याची पद्धत त्यामुळे दृढ झाली. काही भांड्यांवर ताऱ्यासारखी खूण असते व ती जुंताच्या कारखान्याची मानली जाते. पण त्याचे पूर्ण नाव भांड्यावर कोठेही नाही. ते टिकले हिशेबाच्या वहीत, पैसे दिल्याच्या नोंदीत. कलावंताच्या सहीला सर्वस्व मानणाऱ्या आपल्या समीक्षेने यावर विचार करण्यासारखे आहे. येथे खूण आहे ती ज्याच्यासाठी भांडे घडले त्याची. आणि ती खूणही राजाचा मुकुट किंवा धनिकाचे कुलचिन्ह नसून अधू माणसाचा आधार आहे.

एक हजार ही संख्या निर्णायक आहे. एखादे भांडे सुंदर असणे ही दात्याची हौस असू शकते. हजार भांडी सुंदर असणे हा संस्थेचा निर्णय असतो. कथील महाग होते. युरोपातील त्याचा मोठा पुरवठा इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून होत असे. कोबाल्टही बाहेरून येणारे, किमतीचे द्रव्य. शिशाची साधी झिलई दिलेल्या भांड्यांतही अवलेह व मलमे राहिली असती. मग धर्मादाय रुग्णालयाने हा खर्च का करावा?

याची तीन उत्तरे संभवतात. पहिले, प्रतिष्ठेचे. हे रुग्णालय नगराच्या मध्यभागी, प्रमुख चर्चच्या निकट होते. त्या चर्चवर ब्रुनेलेस्की १४२० पासून आपला प्रचंड घुमट उभारीत होता. अशा नगरात औषधालयाच्या फळ्याही देणगीदारांच्या दृष्टीस पडत असणार. दुसरे उत्तर व्यवस्थेचे. चिन्हांकित, एकरूप भांडी मोजायला सोपी व चोरायला अवघड असतात. ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परंतु ती पुरेशी वाटत नाहीत. चोरी टाळायला कुबडी पुरेशी होती, सशाची गरज नव्हती. तिसरे उत्तर विश्वासाचे आहे. औषध घेणाऱ्याला औषधाची पारख नसते. तो रंग, वास, भांडे आणि देणाऱ्याचा हात यांवर विसंबतो. फळीवरील शुभ्र व नीटनेटकी भांडी ‘येथे काळजी घेतली जाते’ असे न बोलता सांगतात. या अर्थाने अलंकरण हे उपयोगाला चिकटविलेले अधिकचे काही नाही; ते उपयोगाचाच एक भाग आहे. हे तिसरे उत्तर कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेले नाही. ते वस्तूच्या वाचनातून काढलेले अनुमान आहे. मात्र पहिल्या दोन उत्तरांनी न उलगडणारा भाग त्याने उलगडतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

५. आतले औषध आणि बाहेरचे मौन

सोळाव्या शतकातील औषधभांड्यांवर औषधाचे नाव ठळक अक्षरांत, पोटाभोवती पट्टी ओढून लिहिलेले असते. ओकपानांच्या भांड्यांवर सामान्यतः असे नाव नसते. नाव लिहायचे तर ते तोंडावरच्या आच्छादनावर किंवा बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिता येई. परिणामी भांडे कोणत्याही औषधाशी कायमचे बांधलेले नव्हते. आज त्यात गुलाबाचा पाक, उद्या मलम. नाव धारण करणारे नंतरचे भांडे आपल्या औषधाची जाहिरात करते. हे भांडे फक्त आपले घर सांगते. दोहोंतील फरक केवळ शैलीचा नाही. पहिल्यात ज्ञानाचा अधिकार बोलतो, दुसऱ्यात आश्रयाचा.

या भांड्यांत साठविल्या जाणाऱ्या औषधांचे शास्त्र मोठ्या प्रमाणात अरबी वैद्यकातून लॅटिनमध्ये आलेले होते आणि त्या वाटेने भारतीय द्रव्येही युरोपच्या औषधालयांत पोहोचली होती. हिरडा, बेहडा आणि आवळा ही फळे तेथे ‘मिराबोलान’ या एकाच नावाखाली ओळखली जात. अरबी वैद्यकातील ‘इत्रीफल’ हा अवलेहाचा प्रकार नावासकट आपल्या त्रिफळ्याचा वंशज आहे. ही फळे ज्या भूमीतून येत ती युरोपीय वैद्याने स्वतः पाहून वर्णिली ती पुढे १५६३ मध्ये, गार्सिया दा ओर्ता याच्या गोव्यात छापलेल्या ग्रंथात. त्यापूर्वीच्या काळात फ्लॉरेन्सच्या औषधविक्रेत्याला हिरड्याचे झाड ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते सुकलेले फळ आणि दूरदेशीचे नाव. बाहेरच्या पानांना जसे नक्की झाड नव्हते, तसेच आतल्या फळांनाही नव्हते. दोन्ही गोष्टी हस्तांतरातून, नावे बदलत, येथवर आल्या होत्या.

६. श्रेणीव्यवस्था आणि तिची मर्यादा

फ्लॉरेन्समध्ये वैद्य, औषधविक्रेते आणि चित्रकार यांचा एकच व्यावसायिक संघ होता. चित्रकाराचे रंग औषधविक्रेत्याकडेच मिळत, हे त्याचे एक कारण. तरीही पुढच्या काळाने चित्रकाराला कलावंत केले आणि भांडे रंगविणाऱ्याला कारागीर. या श्रेणीव्यवस्थेची कसोटी पाहणारे दोन दाखले याच रुग्णालयाने पुरविले आहेत.

रुग्णालयाच्या सांत एजिदियो या चर्चसाठी लुका देल्ला रोब्बिया याने १४४१ ते १४४३ या काळात एक वेदीगृह घडविले. ते आता पेरेतोला येथे आहे. संगमरवराबरोबर झिलई दिलेल्या भाजक्या मातीचा त्याने केलेला हा सर्वांत आधीचा ज्ञात वापर होय. कथिलाची झिलई, जवळपास तेच दशक, तीच संस्था. परंतु एक वस्तू शिल्पकलेच्या इतिहासात गेली आणि दुसरी भांड्यांच्या कपाटात. दुसरा दाखला चित्राचा आहे. तोम्माझो पोर्तिनारी या संस्थापकाच्या वंशजाने याच चर्चसाठी ह्यूगो व्हान देर गूस या फ्लेमिश चित्रकाराकडून भव्य वेदीचित्र करवून घेतले. ते १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोहोचले व आज उफ्फिझी संग्रहालयात आहे. नवजात ख्रिस्तापुढे, चित्राच्या अगदी अग्रभागी, स्पॅनिश घडणीचे एक औषधभांडे ठेवलेले असून त्यात लिली व आयरिसची फुले आहेत. रुग्णालयाच्या चर्चमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाला ते भांडे ओळखीचे वाटले असणार. समीक्षकांनी फुलांच्या प्रतीकार्थावर पुष्कळ लिहिले आहे. परंतु फुलदाणी म्हणून औषधाचे भांडे निवडले जाणे, हे त्या जागेच्या संदर्भात तितकेच अर्थपूर्ण आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. कुबडीपासून आरंभ केलेल्या वाचनाचे रूपांतर रुग्णालयाच्या गौरवगीतात होऊ नये. पांढरी झिलई स्वच्छ दिसते, परंतु तिच्यात शिसे असते आणि आंबट पदार्थ शिशाच्या झिलईतून शिसे ओढून घेऊ शकतात. जे भांडे काळजीची ग्वाही देत होते, त्याच भांड्यात त्या काळाला न कळणारा धोका असू शकत होता. विश्वास निर्माण करणारे रूप आणि विश्वासाला पात्र असणारे द्रव्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. सौंदर्याने पहिली गोष्ट साधते, दुसरी नाही. ही मर्यादा मान्य केल्याने भांड्याचे मोल कमी होत नाही. त्याच्याकडून कशाची अपेक्षा करावी, हे मात्र स्पष्ट होते.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की ‘ओकपानांची बरणी’ हे नाव संग्राहकाच्या दृष्टीने दिलेले, सोयीचे, पण अपुरे नाव आहे. ते एका भांड्याचे वर्णन करते. हजार भांड्यांची फळी त्याला दिसत नाही. ते पानाला झाड देते. पानाचा भूमध्य प्रवास झाकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते कानाखालच्या कुबडीला दुय्यम ठरविते. प्रत्यक्षात कुबडी, पान आणि ससा ही एकाच निर्णयाची तीन अंगे आहेत. ज्याला किंमत देता येत नाही अशा रुग्णाचे औषधही चांगल्या भांड्यात ठेवले जावे, असा तो निर्णय होता. त्यामागे प्रतिष्ठेचा हव्यास होता हे खरे, पण त्या हव्यासाचा वाटा रुग्णाच्या फळीपर्यंत पोहोचला, हेही तितकेच खरे.

उपयोजित कलेची समीक्षा करताना आपण सहसा ‘वस्तू उपयोगाची असूनही सुंदर आहे’ अशी वाक्यरचना करतो. त्यातील ‘असूनही’ हा शब्द या भांड्यापुढे टिकत नाही. आज ते रिकामे आहे. तोंडावरचे आच्छादन, मानेभोवतीची दोरी आणि आतला अवलेह यांपैकी काहीही उरलेले नाही. उरलेली आहे ती अग्नीने थोडी पसरविलेली निळी पाने आणि कानाखाली, पाहणाऱ्याने जरा वाकूनच पाहावी लागेल अशी, एक कुबडी.